भरपगारी रजा आणि मुलांची सुटी



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा चिटणिसांना आम्ही विषय कळविला, 'उन्हाळ्याची सुटी आणि मुले'. त्यावर त्यांनी पुन्हा विचारले, की विषय नक्की हाच ना? युनियनच्या माणसाने संप, बोनस, महागाई यांवर बोलावे. सहलीवर बोलायला सहलकंपन्या आहेत, असे त्यांना वाटले असावे. परंतु गेली तीस वर्षे आम्ही कामगारांत वावरतो आहोत, आणि मे महिना आला म्हणजे कामगाराच्या घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो मुलांचा, हे आम्ही दर वर्षी पाहतो. शाळेला कुलूप लागते, मुले घरी येतात आणि विचारतात, 'बाबा, यंदा कुठे जायचे?' या प्रश्नावर जो बाप पेपरात तोंड घालून बसतो त्याच्याजवळ पैसा नसतो असे नाही. पुष्कळ वेळा त्याच्याजवळ रजा नसते.

आमचे आजचे सांगणे एवढेच आहे, की मुलाला सुटी शाळा देते, परंतु ती साजरी होते आईबापांच्या रजेवर. रजा नसेल तर सुटी म्हणजे मुलांना कुठे ठेवायचे याची दीड महिन्याची विवंचना. आणि रजा असेल तर चार दिवसांची, कमी खर्चाची सहलही मुले जन्मभर विसरत नाहीत. म्हणून कुठे जावे, काय पाहावे हे आम्ही सांगणारच आहोत. परंतु त्याआधी ही रजा आली कुठून, हे पाहणे भाग आहे.

ती आकाशातून पडलेली नाही. मुंबईच्या गिरण्या चालू झाल्या तेव्हा कामगाराला आठवड्याची सुटीदेखील नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केले, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज आपण रविवारी दुपारी पाय पसरून झोपतो तेव्हा लोखंड्यांची आठवण किती जणांना होते? त्यानंतर वर्षाच्या रजेचा प्रश्न आला. कोकणातला, घाटावरचा माणूस गिरणीत काम करी, आणि उन्हाळ्यात किंवा शिमगा-गणपतीला गावी जाई. परंतु ते दिवस बिनपगारी असत, आणि परत आल्यावर आपल्या साच्यावर बदली कामगार उभा दिसे. १९३१ साली व्हिटले कमिशनने आपला अहवाल दिला. कामगाराचे गावाशी असलेले नाते ही मोडण्याची गोष्ट नसून राखण्याची आहे, असे त्या सरकारी कमिशनलाही म्हणावे लागले.

बाहेरच्या जगातही याच सुमारास हा प्रश्न पेटला होता. १९३६ च्या जून महिन्यात फ्रान्समधील कामगारांनी कारखाने ताब्यात घेऊन संप केले, आणि लेऑन ब्लुम यांच्या सरकारने दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा केला. नुसता कायदा करून ते थांबले नाहीत. कामगाराला बायकामुलांसह जाता यावे म्हणून त्यांनी रेल्वेचे चाळीस टक्के सवलतीचे तिकीट काढले. हजारो कुटुंबांनी त्या वर्षी समुद्र प्रथम पाहिला. त्याच १९३६ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने वर्षाला निदान सहा दिवस भरपगारी रजा असावी असा ठराव केला. आपल्याकडे १९४५ साली कायद्यात दुरुस्ती होऊन दहा दिवस मिळाले, आणि १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टाने नियम घातला, की वर्षात २४० दिवस काम करणाऱ्यास दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. त्याच वर्षी १० डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. त्याच्या चोविसाव्या कलमात विश्रांती आणि ठरावीक काळाने मिळणारी भरपगारी रजा हा माणसाचा हक्क मानला आहे. पुढे १९८९ च्या बालहक्कांच्या करारात एकतिसाव्या कलमाने मुलांचा विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क लिहून ठेवला, आणि १९९२ साली आपल्या देशाने तो मान्य केला. म्हणजे बापाच्या रजेला एक कलम आहे आणि मुलाच्या खेळाला दुसरे. या दोन कलमांची गाठ मे महिन्यात घालून देणे, एवढेच काम उरले आहे.

हिशेब साधा आहे. वर्षात २८० दिवस कामावर गेलेल्या माणसाला चौदा दिवस रजा पडते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या फॅक्टरी ॲक्टाच्या जागी नवी श्रमसंहिता आली. तिच्यातील पुष्कळ गोष्टींशी आमचे भांडण आहे आणि ते चालू राहील. परंतु तिने रजेसाठी लागणारे २४० दिवस १८० वर आणले, हे कामगाराच्या पदरात पडले आहे, आणि जे पडले ते मोजून घ्यावे अशी आमची रीत आहे.

आता रजा आणि सुटी यांतला एक भेद सांगतो. आमचे वडील लालबागच्या एका गिरणीत होते. दर मे महिन्यात पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि आम्ही चार भावंडे एवढे सामान घेऊन ते रात्रीच्या एस.टी.ने कोकणात जात. आठ-दहा दिवसांनी ते परत कामावर येत, आम्ही जूनपर्यंत तिथेच राहत असू. ती आमची सुटी. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वर्षी वडील आमच्याबरोबर गावी आले ते महिनोन्‌महिने राहिले. तोच समुद्र, तेच आंबे, तेच अंगण. परंतु त्या दिवसांना घरात कोणी सुटी म्हटले नाही. वडील रोज संध्याकाळी पोस्टात जाऊन मुंबईचे पत्र आले का विचारीत. तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो, आणि आम्हांला एवढे कळले, की पगार चालू असतानाची मोकळीक ही सुटी, आणि पगार बंद असतानाची मोकळीक ही बेकारी. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, लाखो माणसे रस्त्याने गावाकडे चालत निघाली. तीही कुटुंबासह आणि मुलांसह निघाली होती. त्याला कोणी सहल म्हणेल काय? म्हणून 'भरपगारी' हा शब्द आम्ही कधी सोडत नाही.

असो. रजा मंजूर झाली असे धरू, आणि पुढे जाऊ.

आपला देश उष्ण कटिबंधातला. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून जाते आणि आपला सबंध प्रांत त्याच्या दक्षिणेला येतो. याचा अर्थ असा, की वर्षातून दोन दिवस भर दुपारी सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. थंड देशातल्या मुलाला हे जन्मात दिसत नाही. पुण्या-मुंबईकडे हा दिवस मेच्या मध्यास येतो, कोल्हापूर-रत्नागिरीकडे आठवडाभर आधी, नागपूरकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात. दुपारी साडेबाराच्या सुमारास गच्चीवर किंवा अंगणात एक सरळ नळकांडे उभे करा आणि पोरांना सांगा, याची सावली शोधा. सावली नाहीशी झालेली असते. पैसा नाही, तिकीट नाही, आणि भूगोलाचा एक धडा पोर कधी विसरत नाही. सुटीतली पहिली करमणूक म्हणून आम्ही हीच सुचवितो. फक्त डोक्याला टोपी घाला आणि पाच मिनिटांत सावलीत या.

कारण हाच सूर्य मुलांना त्रासही देतो. मूल मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते, आणि तहान लागली हे खेळण्याच्या नादात सांगत नाही. म्हणून आपल्या हवेत प्रवासाचे वेळापत्रक गोऱ्या लोकांच्या पुस्तकातून घेऊ नये, आपल्या आजीकडून घ्यावे. पहाटे उठावे, दहापर्यंत हिंडणे आटपावे, अकरा ते चार सावलीत बसावे, आणि उन्हे कलली की पुन्हा बाहेर पडावे. दुपारी झोपावे, पत्ते खेळावे, गोष्टी सांगाव्यात. चार दिवसांत चाळीस ठिकाणे पाहून आलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या मुलांना विचारले तर त्यांना फक्त गाडीतली ओकारी आठवते. पन्हे, कोकमाचे सरबत, ताक, पेज ही आपली औषधे. आणि जुलाब-उलट्या झाल्याच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक बापाला पाठ असावे. बंद मोटारीत मुलाला दोन मिनिटेसुद्धा ठेवू नये.

आता कुठे जावे?

पहिले ठिकाण आजोळ. हल्ली आजोळी जाणे म्हणजे सहल नव्हे, असे मुले म्हणू लागली आहेत, कारण शेजारची मुले विमानाने जाऊन आलेली असतात. परंतु विहिरीत पोहणे, झाडावर चढणे, गाईची धार काढणे या गोष्टी पैसे देऊनही धड मिळत नाहीत, आणि आजोळी त्या फुकट मिळतात. फक्त दोन सावधगिऱ्या. पोहायला शिकवणारे मोठे माणूस विहिरीवर असल्याशिवाय मूल काठावर जाता कामा नये. आणि चपला-बूट झटकल्याशिवाय पाय घालू नये. कोकणात आणि माळावर विंचू असतो. लहान मुलाला लाल विंचू चावला म्हणजे प्राणावर बेतते. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून अभ्यास केला आणि प्राझोसिन या औषधाने ही मुले वाचतात हे जगाला दाखविले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा मांत्रिकाकडे न जाता तडक आरोग्यकेंद्राची वाट धरावी.

दुसरे ठिकाण समुद्र. सातशेवीस किलोमीटरचा किनारा आपल्या वाट्याला आला आहे, आणि तो पाहिल्याशिवाय दहावी होणारी मुले या गावातही असतील. समुद्राला भिण्याचे कारण नाही, पण त्याचे वेळापत्रक ठाऊक असले पाहिजे. आमच्या गावच्या तांडेलांनी आम्हांला एक हिशेब शिकविला, तो आपल्याला देतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहावी आणि तिची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास निघतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, आणि अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. दिवसा तशीच रात्री. त्यानंतर सहा तास ओहोटी. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते. हा हिशेब मुंबईच्या बाजूचा आणि ठोकळ आहे. दक्षिणेकडे भरती काहीशी लवकर येते, म्हणून तिथल्या कोळ्याला विचारून घ्यावे. ओहोटीच्या वेळी पाणी माणसाला आत ओढते. दर उन्हाळ्यात शहरातली तरणीताठी मुले कोकणच्या किनाऱ्यावर बुडाल्याच्या बातम्या येतात. आमचा नियम असा, की ओहोटी लागली म्हणजे आंघोळ बंद, आणि वाळूतले खेळ सुरू. ओहोटीच्या ओल्या वाळूवर खेकड्यांची नक्षी, शंख, शिंपले यांत मुलांची संध्याकाळ कशी जाते ते कळतही नाही.

समुद्रावर जायचेच, तर त्यातही दोन विशेष गोष्टी सांगतो. मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे, नाना फडणविसांचे गाव. तिथल्या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालतात. पूर्वी ही अंडी चोरीला जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखली, आणि पुढे कासव महोत्सव सुरू झाला. साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिलपर्यंत सकाळ-संध्याकाळ टोपली उघडतात आणि मुठीएवढी पिले पाण्याकडे चालू लागतात. राहणे-जेवणे गावकऱ्यांच्याच घरी. म्हणजे आपला पैसा मोठ्या हॉटेलात न जाता गावातल्या बायाबापड्यांच्या हाती पडतो, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. परीक्षा आटोपताच निघालात तर हे साधते.

दुसरी गोष्ट मालवणचा सिंधुदुर्ग. १६६४ साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला चारी बाजूंनी खाऱ्या पाण्यात आहे, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींना गोड पाणी आहे. मुलांना ते पाणी दाखवा आणि विचारा, हे कसे? उत्तर लगेच देऊ नका. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत हा किल्ला आहे, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग आहेत, रायगडही आहे. परंतु वारसा म्हणजे नुसते राजे नव्हेत. ते चिरे कोणी वाहिले, चुना कोणी मळला, हे मुलांनी विचारावे असे आम्हांला वाटते. आणि पोरे ते विचारतात, आपण गप्प बसवले नाही तर. या किल्ल्यावर होडीने जावे लागते आणि पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून मेअखेर येण्याच्या आत जाऊन यावे.

तिसरे ठिकाण डोंगर. हजार मीटर चढले म्हणजे हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. इंग्रजांच्या राज्यात मुंबईचा गव्हर्नर उन्हाळ्यात आपले दप्तर घेऊन महाबळेश्वरला जाऊन बसे. साहेबाला ऊन लागत होते. गिरणीत साच्याच्या उष्म्यात उभ्या असलेल्या माणसाला लागत नव्हते, असे थोडेच आहे? तेव्हा थंड हवेवर आपला हक्क नाही, ही समजूत प्रथम सोडून द्यावी. माथेरान सुमारे आठशे मीटरवर आहे, आणि गावात मोटारींना मज्जाव असल्यामुळे मुलांना रस्त्यात मोकळे सोडता येते. नेरळहून १९०७ साली सुरू झालेली छोटी रेल्वे वर जाते. राहण्याचे दर मे महिन्यात चढे असतात. पहाटे निघून रात्री परत येणाऱ्यालाही डोंगर तेवढाच थंड लागतो.

चौथे ठिकाण आपले स्वतःचे गाव. ज्याला एकच दिवस मिळतो त्याने काय करावे? त्याने पोराला आपण जिथे काम करतो तो रस्ता दाखवावा, गेट दाखवावे, आपण चहा पितो ती टपरी दाखवावी. मग वस्तुसंग्रहालय, नगरवाचनालय, नदीचा जुना घाट. मुंबईच्या कामगारांच्या पिढ्यान्‌पिढ्या राणीच्या बागेवर वाढल्या. त्यांत आम्हीही होतो, आणि आम्हांला काही कमी पडले असे वाटले नाही.

खर्चाचे म्हणाल, तर एस.टी.चा हिशेब पाहा. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्यांना २०२२ पासून तिकीट नाही. नवरा, बायको, दोन मुले आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी अशी पाच माणसे अडीच तिकिटांत जातात. आजीला घरी ठेवून जाणाऱ्याला व्यवहारही कळत नाही आणि सुटीही कळत नाही, कारण दुपारच्या गोष्टी सांगणार कोण? शिवाय एस.टी.चा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास आहे. रेल्वेत मात्र २०१६ पासून मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते. अर्ध्या तिकिटात बर्थ मिळत नाही. सरकारी नोकरांना १९५६ पासून रजा प्रवास सवलत आहे. ती सवलत काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही. कारखान्यातल्या माणसालाही काही द्या, एवढेच म्हणतो.

येथपर्यंत सर्व गोड झाले. आता थोडे कडू.

पहिले कडू बोल आमच्याच लोकांना. रजा साठवायची आणि वर्षअखेर ती विकायची, अशी एक चाल कारखान्यांत पडली आहे, आणि नव्या संहितेने तर वर्षअखेर पैसे मागण्याची सोयच केली आहे. एका कारखान्यात आमचा एक जुना सभासद लेथवर आहे. त्याने ओळीने सहा वर्षे रजा विकली. मुलीच्या क्लासची फी भरली. समुद्र त्याच्या घरापासून दीडशे किलोमीटरवर. मुलगी दर वर्षी विचारी, तो दर वर्षी म्हणे, 'पुढल्या मे महिन्यात.' आता ती पोर दहावी झाली. परवा गेट-मीटिंगनंतर तो आम्हांला म्हणाला, 'आता मी रजा काढली तर तिला वेळ नाही.' त्यावर आम्ही काय बोलणार? त्याने काही उधळपट्टी केली नव्हती. मुलीसाठीच केले होते. दोष फीचा आहे, पगाराचा आहे, हे आम्ही व्यासपीठावरून रोज सांगतो. परंतु बंधूंनो, सगळी रजा विकू नका. ती तुमच्या एकट्याच्या मालकीची नाही. तिच्यात मुलांचा वाटा आहे. चौदांतले चार दिवस तरी त्यांच्या नावे बाजूला ठेवा.

दुसरी गोष्ट कंत्राटी कामगाराची. त्याला सात महिने झाले की 'ब्रेक' देतात. सव्वीस दिवसांचा महिना धरला तर सात महिन्यांचे १८२ दिवस होतात; २४० कधी भरतच नसत, आणि रजा कधी लागतच नसे. आता मर्यादा १८० वर आली आहे. तेव्हा ब्रेक सातव्या महिन्यावरून सहाव्यावर तर येत नाही ना, यावर आम्हां सर्वांना डोळा ठेवावा लागेल. आज कारखान्यांत कायम कामगार थोडे आणि कंत्राटी फार, अशी स्थिती आहे. म्हणजे रजेचा कायदा पुस्तकात आहे, आणि शाळेतली बहुसंख्य मुले त्या कायद्याच्या बाहेर आहेत.

तिसरी गोष्ट घरातल्या बाईची. सहलीला गेल्यावर स्टोव्ह कोणाच्या हाती असतो? नवरा आरामखुर्चीत, मुले वाळूत, आणि ती दहा माणसांचा स्वयंपाक करते आहे. गावी गेली तर सासरच्या चुलीपुढे आणि हॉटेलात राहिली तर कपडे वाळत घालीत. मग सुटी तिची कुठे झाली? तिची जागा बदलली, काम बदलले नाही. आम्ही आमच्या सभासदांना सांगतो, की चार दिवसांच्या सहलीत भाकरी विकत घ्या, खिचडी पोरांकडून शिजवून घ्या, जळली तर जळकी खा. मुलेही त्यातून काही शिकतील.

आणि शेवटची गोष्ट समोर बसलेल्या आपणा सर्वांना. रागावू नका, व्याख्यानमालेत पाहुण्याला एवढी मोकळीक असते. मे महिन्यात आपण पंधरा दिवस गावाला जाता, घराला कुलूप लावता. धुणेभांडी करणाऱ्या बाईला जाताना सांगता, 'या पंधरा दिवसांचा खाडा धरू हं.' आपली सुटी भरपगारी, आणि आपण सुटीवर गेलात म्हणून तिची बिनपगारी! तिने रजा मागितली नव्हती. दार आपण बंद केले होते. तिलाही मुले आहेत, आणि त्यांचीही शाळा त्याच दिवशी बंद झाली आहे. पुण्याच्या मोलकरणींनी १९८० साली संप केला, त्यांच्या मागण्यांत पगाराबरोबर रजेचाही प्रश्न होता. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. परंतु रजा द्यायची की नाही, हे आजही घरोघरच्या मनावर आहे. मालक म्हणून आपण किती चांगले आहोत याची परीक्षा देण्यासाठी कारखाना असावा लागत नाही, एक मोरी पुरते. यंदा गावाला निघताना त्या बाईच्या हाती पूर्ण महिन्याचा पगार आधी ठेवा आणि म्हणा, 'तूही जाऊन ये.' बघा, आपल्याला प्रवासात वेगळे वाटते की नाही.

आधी ठेवा, असे म्हटले, त्याला आधार आहे. १९४८ च्या कायद्यात एक शहाणी तरतूद होती, की चार दिवस किंवा अधिक रजा मंजूर झाली तर त्या दिवसांचा पगार रजेवर जाण्यापूर्वी हाती द्यावा. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते, की रिकाम्या खिशाने माणूस गावी जात नाही, दारातच बसून राहतो. आमच्या युनियनच्या मंडळींनी हा शिरस्ता आपल्या करारांत लिहून घ्यावा, आणि जानेवारीतच कोण कधी जाणार याची यादी करून व्यवस्थापनापुढे ठेवावी. लहान मुले ज्यांना आहेत त्यांना मे महिना आधी द्यावा. बिनलग्नाच्या पोरांनी पावसाळ्यात जावे, धबधबे त्यांच्यासाठीच आहेत. हे आपसांत ठरविणे मालकाशी भांडण्यापेक्षा अवघड असते, पण ते होते. आम्ही ते करून पाहिलेले आहे.

नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारण १ जूनला केरळात येतो आणि दुसऱ्या आठवड्यात कोकणात पोचतो. त्याच्यामागोमाग शाळेची घंटा वाजते. म्हणजे आपल्या हाती आता मोजके आठवडे आहेत. ज्यांनी अर्ज केला नसेल त्यांनी उद्या सकाळी करावा, आणि तो लेखी करावा. तोंडी मागितलेली रजा आणि वाळूवर लिहिलेले नाव सारखेच. साहेब म्हणेल, 'कामाची घाई आहे.' कामाची घाई दर वर्षी असते. मूल मात्र एकदाच आठ वर्षांचे होते.

अध्यक्षांच्या परवानगीने आपली रजा घेतो. तुम्हीही आपापली घ्या.